ऐंशी पावलं

१

तिसऱ्या स्क्रूचे आटे गेले तेव्हा बारक्याने पेचकस टेबलावर आपटला. पेचकस उसळून कपाटाखाली गेला. तो काढायला वाकला तर टेबलाची कड कपाळाला लागली. मग त्याने टेबलालाही एक लाथ घातली आणि वरची बेअरिंग घरंगळत खोलीभर झाली. सोळा होती. तेरा सापडली.

गाडी साधीच होती. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, रस्त्यावरच्या गाडीची हुबेहूब नक्कल, पण मिळतात त्यांतली सगळ्यांत स्वस्त. भाग सुटे येतात, आपण जोडायचे. चाकांत बेअरिंगच्या जागी प्लास्टिकच्या पुंगळ्या, धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये तेलाचा थेंब नाही, नुसत्या स्प्रिंगा, आणि मोटर अशी की मागच्याने कंटाळून हॉर्न द्यावा. दादाने एक मोसम ती तशीच पळवली. दर महिन्याला एखादा चांगला भाग आणायचा आणि खणात ठेवायचा. सगळे जमले की एकदम बसवू, म्हणायचा. दादा लिफ्टचा मेकॅनिक होता. घाई कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. सात आठवड्यांपूर्वी तो कामावर गेला आणि लिफ्टच्या खड्ड्यात पडला. खण भरलेलाच राहिला.

ते भाग बसवायचं आता बारक्याच्या गळ्यात आलं होतं. म्हणजे त्यानेच ओढवून घेतलं होतं. क्लब चालवणारे मास्तर, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यांचा फोन आला होता. लागोपाठ तीन शर्यती न धावलेला नंबर यादीतून काढतात. दादाचा अकरा नंबर दोन शर्यतींना आलेला नव्हता, आणि मोसमाची शेवटची या रविवारी होती. अकरा मागायला एक जण टपलेलाच होता. मास्तरांना वाईट वाटत होतं, पण नियम त्यांनीच केलेला. गाडी शेवटपर्यंत पोचली, अगदी सगळ्यांच्या मागून का होईना, तरी अकरा तुमचाच, असं ते म्हणाले.

घरात दादाचं दुसरं उरलं काय होतं? कपडे आईने देऊन टाकले. कामाचे बूट चौकशीसाठी गेले ते गेलेच. हा एक आकडा तेवढा होता, ज्याच्यापुढे कुठेतरी, कोणीतरी अजून दादाचं नाव लिहीत होतं.

बारक्या गुडघ्यांवर बसून राहिलेली तीन बेअरिंग शोधत राहिला. प्लास्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी तो उलटा फिरवायचा, टक् असं होतं, म्हणजे तो आपल्या जुन्या आट्यात बसला, मग सुलटा. दादाने हे त्याला शंभरदा दाखवलं होतं. त्याला ते तोंडपाठ होतं. पण हात डोक्याच्या आधी धावायचे, ते काय करणार.

२

सोमवारी संध्याकाळी घोडं वेगळ्याच जागी अडलं.

बेअरिंग बसली होती. चाक बोटाने फिरवलं की फिरतच राहायचं, ते बघून त्याला सात आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणून लगेच नवा रिमोट जोडून बघायला घेतला. रिमोट त्याने स्वतःच्या पगारातून आणला होता. बंदुकीसारखा हातात धरायचा, बाजूला छोटं चाक, ते फिरवलं की गाडी वळते, बोटाशी घोडा, तो दाबला की पळते. गाडीच्या पोटात रिसीव्हर असतो, काड्यापेटीएवढा, त्यावर तांबडा दिवा. रिसीव्हर आपला रिमोट शोधत असला की दिवा मिचमिचतो. रिमोट सापडला की स्थिर होतो. मग त्या दोघांचं लग्न लागलं, म्हणायचा दादा, तिसऱ्याचं तो ऐकत नाही.

बारक्याने गाडीची बॅटरी लावली. दिवा दोनदा मिचमिचला आणि स्थिर झाला.

नवा रिमोट तर अजून खोक्यात होता.

त्याने बटण बंद करून परत चालू केलं. पुन्हा तेच. मग रिमोट काढला, सेल घातले, चाक फिरवलं. गाडी ढिम्म. पुस्तिकेत चित्रं होती त्याप्रमाणे केलं. सहावीत शाळा सुटलेली, तरी खालचा मजकूर एकेक अक्षर लावत वाचला, तसंही केलं. दिवा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला आणि रिमोटला काही दाद देईना.

त्याने मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, रिसीव्हर बिघडलेला नाही, त्याला त्याचा जुना रिमोट सापडतोय. तो घरात कुठेतरी चालू राहिलाय, बघ. त्या स्वस्त रिमोटची धाव फार तर ऐंशी पावलं. नाहीच सापडला तर माझ्याकडचा नवा रिसीव्हर बसव. बारक्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मास्तर दोनदा हॅलो हॅलो म्हणाले.

जुना रिमोट घरात नव्हता. दादाला नेलं त्या सकाळी, माणसं उचलायला येण्याआधी, बारक्याने तो चादरीखाली दादाच्या हातात ठेवला होता. कोणाला सांगितलं नाही. चार नवे सेल घालून ठेवला. आणि चालू करून. रिमोट नेहमी आधी चालू करायचा आणि शेवटी बंद, नाहीतर गाडी बेफाम सुटते, हे दादाने हाताच्या इतकं अंगवळणी पाडलं होतं की त्या घडीलाही अंगठ्याने आपोआप बटण सरकवलं. बंद करायचं राहिलं. पुढे त्या रिमोटचं काय झालं ते त्याने पाहिलं नाही. सगळे आत गेले. तो स्मशानाच्या फाटकापाशीच थांबला होता.

३

रात्रभर विचार करून त्याने जे काढलं ते असं: रिमोट कोणीतरी चोरला.

दुसरं काही असूच शकत नव्हतं. चार सेल एक रविवार पुरतात, ताणले तर दीड. सात आठवडे म्हणजे कोणीतरी सेल बदलतंय. सेल बदलतंय म्हणजे जिवंत माणूस आहे. मेलेल्या माणसाच्या हातातून वस्तू काढून घेणारा हरामखोर इथेच आसपास राहतो आणि सवडीने खेळतोय. हे पटल्यावर त्याला जवळजवळ हुरूप आला. चीड यायला एक माणूस मिळाला होता.

दिवा कुठे स्थिर असतो ते त्याने आधी घरात बघितलं. गॅलरीत स्थिर. आतल्या खोलीत आणलं की मिचमिच. म्हणजे रिमोट रस्त्याच्या बाजूला, ऐंशी पावलांच्या अगदी कडेवर.

बारक्या टायरच्या दुकानात कामाला होता. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने गाडी पिशवीत घातली, पंक्चरची जागा दाखवायचा पिवळा खडू खिशात टाकला आणि रस्ता धरला. जिथे दिवा मिचमिचायला लागे तिथे फरशीवर, भिंतीवर, खांबावर एक फुली. मग आत वळायचं, पुन्हा बाहेर, पुन्हा फुली. अर्ध्या तासात चांगलं वर्तुळ जमलं. मधोमध चालत आला तर तिथे बसथांब्याचं बाकडं.

बाकड्यावर एक इलेक्ट्रिशियन पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बारक्याने सरळ पिशवीला हात घातला. झोंबाझोंबी व्हायची ती थोडक्यात टळली, कारण तो माणूस शांत होता. त्याने पिशवी उघडून एकेक दाखवलं. टेस्टर, चिकटपट्टी, डबा. मग बारक्याच्या हातातल्या गाडीकडे आणि त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, "भाऊ, ऊन लागलंय का? पाणी पितोस?"

तो बस आली तशी चढून गेला. दिवा स्थिरच राहिला. बारक्याने बाकड्याखाली बघितलं, छपरावर हात फिरवला, कचऱ्याचा डबा उपडा केला. भर दुपार होती. बाकड्यावर कोणीच नव्हतं. दुकानात पोचायला उशीर झाला म्हणून मालकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

४

बुधवारी फुल्या चुकल्या.

खडू जागच्या जागी होता, पण मंगळवारी जिथे दिवा मिचमिचला होता तिथे आता स्थिर होता, आणि बसथांब्याच्या पलीकडे मिचमिच. वर्तुळ सरकलं होतं. त्याने पावलं मोजली. चाळीस, घराच्या दिशेने. नवं वर्तुळ आखलं, मधोमध गेला तर रस्त्याचा मधलाच भाग. तिथे उभं राहून शोधायचं तरी काय? एका रिक्षाने हॉर्न दिला, मागच्याने आईवरून शिवी दिली. बारक्यानेही उलट दिली. त्याने थोडं मोकळं वाटलं.

संध्याकाळी शॉक भरायला घेतले. बारीक नळकांड्यात तेल ओतायचं, दांडा हळूहळू वर-खाली करायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे. सगळी गंमत त्या हळूहळूमध्ये. एक बुडबुडा आत राहिला की ते चाक उड्या मारणार. त्याने घाई केली, तेल सांडलं, पुन्हा भरलं, झाकण तिरकं बसलं, पुन्हा तेल. चार शॉकना दोन तास. शेवटच्याला त्याचा जीव मेटाकुटीला आला. आई दारातून बघून गेली. हल्ली ती जमिनीवरचं तेल नुसतं पुसून टाकायची.

गुरुवारी सकाळी तिने चहा एक कप जास्त केला. बाबा म्हणाले, पाहुणे येणार आहेत का? ती कपांकडे बघत राहिली. मग म्हणाली, गॅलरीतून तो आवाज आला, चाकं वळायचा, कुर्र कुर्र, दादा शर्यतीआधी करायचा तसा. हाताला सवय असते. आणि एक कप तिने मोरीत ओतला.

बारक्याने रात्री गाडीची बॅटरी काढली होती की नाही, हे त्याला आठवेना. गॅलरीत जाऊन बघितलं. बॅटरी लावलेली होती. त्याचीच चूक असणार. दिवा स्थिर होता आणि पुढची चाकं डावीकडे पार वळलेली, कोणी ती धरून ठेवल्यासारखी. त्याने बॅटरी उपटली.

त्या दिवशी दुपारी वर्तुळाचा मध्य त्यांच्या इमारतीच्या जिन्यात होता.

५

एक भाग बसवायचा आणि सकाळी ते जवळ आलेलं असायचं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. तरी शुक्रवारी मोटर बदलायला बसला तेव्हा हात जड झाले. मोटरचं दातेरी चाक आणि गाडीचं मोठं चाक यांच्यात कागदाच्या जाडीएवढी फट लागते. वर्तमानपत्राचा कपटा मध्ये धरायचा, मोटर आवळायची, कपटा ओढून काढायचा. पहिल्यांदा दाते घट्ट बसले, मोटर किंचाळली. दुसऱ्यांदा सैल, नुसतीच खडखड. तिसऱ्यांदा त्याने स्क्रू आधी उलटा फिरवला, टक् झालं, मग सुलटा. बसलं.

जिना त्याने आदल्या संध्याकाळी चारदा धुंडाळला होता. मीटरच्या पेट्या, पाण्याच्या टाकीची खोली, वरच्या मजल्यावरच्यांच्या चपलांचं कपाट. वरच्या काकूंनी विचारलं, काय हरवलंय? तो म्हणाला, रिमोट. त्या म्हणाल्या, सोफ्याच्या फटीत बघ, आमचा नेहमी तिथेच असतो.

ऐंशी पावलांच्या वर्तुळात अख्खी इमारत मावत होती. हे असं सापडणार नव्हतं. त्याने मास्तरांना विचारलं, धाव कमी कशी करायची. मास्तरांना ही पोराची जिद्द वाटली असावी. त्यांनी सांगितलं, रिसीव्हरला चांदीचा कागद गुंडाळ, डब्यात वापरतात तो. दोन पदर दिलेस तर दोन-तीन पावलांच्या पलीकडचं त्याला ऐकू येत नाही.

बारक्याने दोन पदर दिले, दिव्यापुरती खिडकी ठेवली, आणि गाडी हातात धरून घरभर चालला.

स्वयंपाकघर, स्थिर. मोरी, स्थिर. आईबाबांची खोली, स्थिर. त्याने कागदाचा तिसरा पदर दिला. तरी सगळीकडे स्थिर. कागद खोटा आहे, असं म्हणून त्याने गाडी जेवणाच्या टेबलावर आदळली आणि पाणी प्यायला माठाकडे गेला. तिथून वळून बघितलं तर दिवा मिचमिचत होता.

तो टेबलापाशी आला. स्थिर.

तीन पावलं मागे गेला. मिचमिच.

त्याने खिसे उलटे केले. शर्ट, पँट काढली. नुसत्या चड्डीवर पुन्हा टेबलाकडे गेला, दिवा स्थिर झाला. त्याने आईला बोलावलं आणि गाडीजवळ उभं राहायला सांगितलं. तो स्वतः दारापाशी गेला. आई गाडीवर वाकली, दिवा मिचमिचत राहिला. ती म्हणाली, हे काय करतोयस, कपडे घाल. तो पुढे आला, एक पाऊल, दोन, आणि तिच्या चेहऱ्यावर पडलेला तो तांबडा उजेड मिचमिचायचा थांबला.

मग त्याने एकदम मान मागे वळवली. मागे दाराशेजारची भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर. भिंतीत आणि त्याच्या पाठीत एका माणसाची जागा होती. ती रिकामी होती.

"आई," तो म्हणाला, "माझ्या मागे काय आहे?"

तिने बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, असं त्याला वाटलं. मग म्हणाली, "काही नाही. असा उभा राहू नकोस, तो उभा राहायचा तसा."

६

शनिवारी त्याने तेच केलं जे मास्तर सोमवारपासून सांगत होते. मास्तरांच्या पत्र्याच्या पेटीतून नवा रिसीव्हर घेतला.

इतके दिवस का नाही घेतला, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. वस्तू हातभर अंतरावर होती, काम दहा मिनिटांचं. पण तो जुना दिवा स्थिर होता तोवर पलीकडे कोणीतरी बटण चालू ठेवलं होतं. चोर असो नाहीतर आणखी कोणी. रिसीव्हर काढला की ते तिकडे एकटंच चालू राहणार.

आणि रागही होता. चोराचा राग शुक्रवारी संपला होता, आता तो दादावरच होता. सात आठवडे स्वप्नातसुद्धा आला नाहीस. आलास तर असा, पावलापावलाने, बसथांब्यावरून, जिन्यावरून, पाठीमागून? एक शब्द बोलायला काय होतं? मग त्याला वाटलं, दादा असता तर बोलला असता. दादाने असं कधी केलं नसतं. हे वाटलं तेव्हा मानेवर गार हवा लागली, आणि खिडकी तर बंद होती, म्हणून त्याने पुढचा विचारच केला नाही.

त्याने वायरी कापल्या नाहीत, उपटल्या. जुना रिसीव्हर कचऱ्याच्या पिशवीत टाकला, पिशवी खाली नेऊन मोठ्या डब्यात टाकली, डब्यावर झाकण टाकलं. वर आला. नवा रिसीव्हर दुहेरी चिकटपट्टीने बसवला. नवा रिमोट चालू केला. दिवा मिचमिचला, थांबला. चाक फिरवलं, गाडीची चाकं वळली. घोडा दाबला, गाडी सुटली आणि कपाटावर जाऊन आदळली.

पहिल्या फटक्यात. सोमवारपासून जे होत नव्हतं ते. बारक्या जमिनीवर बसला आणि रागारागाने रडला. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने नळ बंद केला नाही.

७

शर्यती एका बंद पडलेल्या फर्निचर गोदामाच्या मागच्या पार्किंगमध्ये व्हायच्या. डांबरावर आगीच्या बंबाचे जुने पाईप टाकून वळणं आखलेली. एका बाजूला परांचीसारखा उंच लोखंडी सांगाड्याचा मंच. चालवणारे त्यावर ओळीने उभे राहतात, म्हणजे सगळा रस्ता दिसतो. पायाखालच्या फळीवर नंबर रंगवलेले. अकरा अगदी टोकाला होता. त्याच्या एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला दहा नंबर, एक दातांचे डॉक्टर. त्यांना सगळे दातवाला म्हणायचे. गाडी अशी चालवायचे की भूल दिल्यासारखी अलगद वळायची.

बारक्याने अशी चालवली की लोक मागे सरकले. पहिल्याच वळणावर गाडी उलटी. पाईपाशी उभा असलेला मार्शल पळत आला, सरळ करून ठेवली. पुढच्या फेरीत पुन्हा. तरी गाडी चांगली होती, हे त्याच्या हाताला कळत होतं. चाकं गुळगुळीत फिरत होती, शॉक बसत होते, मोटर ओढत होती. दादाने खणात साठवलेलं सगळं एकदम चालू होतं आणि ते चालवणारा तेवढा भलताच होता. दातवाला मध्येच कातावून म्हणाला, कोपर आवर जरा, बरगडीत घुसतंय. बारक्याची दोन्ही कोपरं तेव्हा कठड्यावर टेकलेली होती. त्याने बाजूला बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडी तिसऱ्यांदा उलटली असती.

घंटा झाली. सगळ्यांच्या दोन फेऱ्या मागून, एक बंपर लोंबकळत, अकरा नंबरने रेघ ओलांडली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून यादीत लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी यादी फिरवून त्याला दाखवली. अकरा, आणि पुढे दादाचं नाव. बारक्याने एकेक अक्षर लावत ते वाचलं. मास्तर म्हणाले, आता पुढच्या मोसमापर्यंत कोणी हात लावत नाही.

त्याला वाटलं होतं खूप आनंद होईल. भूक लागली एवढंच कळलं.

८

क्लबात एक रिवाज होता. ज्याची शर्यत संपली त्याने घरी जायचं नाही, पुढच्या गटाच्या शर्यतीत मार्शल म्हणून वळणावर उभं राहायचं, उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. बारक्याने बॅटरी काढून गाडी टेबलावर ठेवली, रिमोट बंद केला, नारिंगी जाकीट घातलं आणि लांबच्या वळणावर पाईपामागे जाऊन उभा राहिला. पुढे पार्किंगची सगळ्यांत लांब सरळ पट्टी होती, गोदामाच्या भिंतीपर्यंत. ऊन डोळ्यांवर येत होतं.

हा जोरकस गाड्यांचा गट. आठ गाड्या, आठ माणसं. त्याला काही करावं लागत नव्हतं. ही माणसं उलटत नाहीत. तो नुसता गाड्यांकडे आणि मंचाकडे आळीपाळीने बघत होता. हात वळतो आणि इकडे गाडी वळते, हे लांबून बघायला मजा येते. कोणता हात कोणत्या गाडीचा, ते तो लावत बसला. निळी त्या टोपीवाल्याची. पांढरी त्याच्या शेजारच्याची. अशा आठ लागल्या.

टोकाला आणखी दोन हात होते.

उन्हामुळे त्याला चेहरा दिसला नाही. कठडा आणि शेवटचा माणूस यांच्यात रुंद जागा होती, तो माणूस अंग चोरून उभा होता, गर्दीत आपण एखाद्याला जागा देतो तसा. त्या जागेत, छातीच्या उंचीवर, रिमोट धरलेले दोन हात. घाई नाही. चाक थोडं फिरायचं, थांबायचं, थोडं फिरायचं. बारक्या त्या हातांची गाडी शोधत राहिला. हात डावीकडे वळला तेव्हा रस्त्यावर एकही गाडी डावीकडे वळत नव्हती. आठच्या आठ त्याने पुन्हा लावून बघितल्या. नववी नव्हती.

मास्तरांचा आवाज भोंग्यातून आला. वळणावरच्या मार्शलने बाजूला व्हावं. बारक्या त्या मार्शलला शोधायला इकडे-तिकडे बघणार होता, पण मान वळली नाही. दोन गाड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी सूं करून गेल्या. तेव्हा त्याला डांबर दिसलं, त्यावर आपले बूट, आणि पाईप चार पावलं मागे. पाईप ओलांडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"बारक्या, बाजूला हो," मास्तर म्हणाले. आता भोंग्याशिवायच. मंचावरचे काही जण गाड्या थांबवून बघायला लागले होते. टोकाचे हात थांबले नव्हते. चाक सरळ झालं, आणि बोट घोड्यावर हळूहळू दाबलं गेलं.

समोरची सरळ पट्टी थेट भिंतीपर्यंत मोकळी होती. बारक्या पळायला लागला, आधी सावकाश, मग तो जन्मात कधी पळाला नव्हता इतका सुरेख, पाय जमिनीला लागतात न लागतात असा. मागून सगळे त्याच्या नावाने ओरडत होते. त्याला ऐकू येत होतं. बाजूला व्हायचंच होतं त्याला.